पूर्व भागांतला विणकर



सोलापूरचें नांव घेतलें कीं बहुतेकांना आधीं चादर आठवते, मग शेंगांची चटणी, आणि त्यानंतर सवड उरली तर सिद्धेश्वराचें तळें. चादर आपल्या घरोघर आहे. लग्नांत ती अहेर म्हणून येते, प्रवासांत वळकटी होऊन बरोबर जाते, आणि विरली म्हणजे फाडून चार कामांना लावली जाते. परंतु ती विणणारा माणूस कोण, कोठला, घरांत कोणती भाषा बोलतो, याची चौकशी करण्याचें कारण आपणांस सहसा पडत नाहीं. मला तें पडलें, कारण मीं तीस-पस्तीस वर्षें त्याच्याच मुलांना शिकवलें. आज त्याच्याविषयीं आपल्याशीं बोलावयाचें आहे.

सोलापूरच्या पूर्व भागांत, म्हणजे साखर पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक या बाजूला, नवखा माणूस गेला तर प्रथम गोंधळतो. दुकानांवरील पाट्या मराठी, ओट्यावरील गप्पा तेलुगु, पलीकडच्या गल्लींत कानडी, आणि भांडण जुंपलें कीं दोन्ही पक्ष उर्दूचा आश्रय करतात! या सर्वांच्या खालून मागांचा खडखडाट चाललेला असतो. आतां तो पूर्वीइतका राहिला नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच. येथली मोठी वस्ती पद्मशाली समाजाची. हे लोक मूळचे तेलंगणांतले. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या बाजूचे. विणकाम हा त्यांचा कुलधर्म. मार्कंडेय ऋषि हे त्यांचें आराध्यदैवत. मार्कंडेयाचा पुत्र भावनाऋषि यानें कमळाच्या तंतूंपासून देवांसाठीं वस्त्र विणलें, अशी त्यांची कथा आहे. आपल्या नांवांतील 'पद्म' तें हेंच, असें ते सांगतात. नारळी पौर्णिमेस मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हां सारा पूर्व भाग रस्त्यावर लोटतो.

हे लोक येथें कां आले? पेशवाईपासूनच विणकर सोलापुरांत येत होते असें म्हणतात. पण लोंढा लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. विलायती गिरण्यांच्या कापडानें खेड्यांतील माग बसवला होता. १८६० सालीं आगगाडी सोलापुरास येऊन पोहोंचली. पुढें १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला, आणि त्या दुष्काळाच्या ऐन मध्यावर, १८७७ सालीं, शेठ मोरारजी गोकुळदास यांची कापडाची गिरणी येथें सुरू झाली. हीच पुढें 'जुनी मिल' म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या पाठोपाठ लक्ष्मी, विष्णु, नरसिंग गिरजी अशा गिरण्या निघाल्या. निजामच्या मुलखांत पोट भरेनासें झालेला विणकर हद्द ओलांडून इंग्रजी मुलखांतल्या या शहरांत आला. कोणी गिरणींत शिरला, कोणी हातमागाच्या कारखान्यांत बसला.

येथें एक गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या गिरणीनें त्याचा माग बसवला, तिच्याच भगिनीनें त्याला सूत पुरवलें. गिरणीला साधें पांढरें कापड स्वस्तांत काढतां येई; पण रंगीत सुताचें, दोन्हीकडे निराळ्या काठाचें, भरदार पदराचें नऊवारी लुगडें तिला तितकें परवडत नसे. तेवढी एक फट हातमागाला राहिली. त्या एका फटींत हजारों संसार कित्येक वर्षें मावले. अर्थशास्त्राचीं पुस्तकें हातमागाच्या मृत्यूची वार्ता फार लवकर देतात. सोलापुरांत तो दीर्घकाळ जिवंत होता, आणि तो लुगड्याच्या काठावर जिवंत होता.

आतां या माणसाचें काम कसें चालतें तें सांगतों. जमिनींत कमरेइतका खड्डा, त्यांत पाय सोडून विणकर बसे. पायाखालीं पावड्या, समोर ताणा, हातांत धोटा. पुढें दोरीच्या झटक्यानें धांवणारा धोटा आला. हें पाहून आपण म्हणतों कीं एक पुरुष माग चालवतो. खरें पाहतां माग चालवतें तें सबंध घर. सुताला खळ देऊन पांजणी करावयाची ती भल्या पहांटे, रस्ता मोकळा असतांना. गल्लीभर ताणा पसरलेला आणि दोन्ही बाजूंनीं घरचीं लहानथोर माणसें कुंचे घेऊन उभीं. ऊन चढण्यापूर्वीं तें काम आटपलें पाहिजे. दिवसभर कांड्या भरावयाच्या त्या बायकांनीं आणि मुलांनीं. शाळेंत माझ्यासमोर पेंगणारीं मुलें आळशी नसत. तीं पहांटे चारला उठलेलीं असत. हें समजण्याकरितां त्यांच्या घरीं एकदां सकाळीं जावें लागतें, आणि हाजरीपटावर लाल शाई फिरवणाऱ्या साहेबांना तेवढी फुरसत नसे.

या वस्तींतल्या एका गृहस्थांची हकीगत मला जवळून ठाऊक आहे. त्यांचा मुलगा माझ्या वर्गांत होता. नांव सांगत नाहीं. ते खाजगी माणूस होते, आणि आतां हयातहि नाहींत. त्यांचे आजोबा लहानपणीं, १९०० सालच्या आसपासच्या दुष्काळांत, करीमनगरकडून आले. त्यांचे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या कारखान्यांत मागावर बसले. कारखानदार लग्नाकार्याला उचल देई. ती बाकी फिटेपर्यंत विणकरानें दुसरीकडे जावयाचें नाहीं, असा रिवाज. ती क्वचितच फिटे. या गृहस्थांना वडिलांकडून वारशानें आलें तें कसब, आणि त्याबरोबर बाकी.

ते मराठी चौथीपर्यंत शिकले. त्यांच्या लहानपणींच्या दोन आठवणी ते नेहमीं सांगत. एक १९४८ च्या सप्टेंबरांतली. हिंदी सैन्याच्या मोटारींची रांग सोलापुरांतून नळदुर्गच्या रस्त्यानें निजामच्या हद्दींत गेली, तेव्हां हे रस्त्याच्या कडेला उभे होते. ज्या राज्यांतून आजोबा उपाशी बाहेर पडले, तें राज्य संपवावयास निघालेली फौज नातवानें पाहिली. दुसरी आठवण पुढच्याच वर्षाची. १९४९ सालीं जुनी मिल बंद पडली आणि हजारों कामगार घरीं बसले. १९५० च्या जानेवारींत सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घेतला. एक भागधारक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि नव्या राज्यघटनेच्या पहिल्याच वर्षीं मूलभूत हक्कांचा जो मोठा वाद उभा राहिला तो या आमच्या गिरणीवरून. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल आजहि अभ्यासतात. आमच्या या गृहस्थांना त्यांतलें कलम ठाऊक नव्हतें; त्यांना आठवत होतें तें एवढेंच कीं भोंगा वाजेनासा झाला आणि गल्लींत वेळ कळेनाशी झाली.

चवदाव्या वर्षीं ते मागावर बसले. लुगड्यांचा काळ तेव्हां सरत आला होता. पांचवारी पातळ आलें, गिरणीचें छापील कापड आलें, काठाची फट बुजली. सोलापूरचा विणकर तेव्हां चादरीकडे वळला, आणि चादरीबरोबर जॅकार्डकडे. हें यंत्र मागाच्या डोक्यावर बसतें. फ्रान्समधील लियों शहराच्या जॅकार्ड नांवाच्या गृहस्थानें तें १८०४ च्या सुमारास सिद्ध केलें. आधीं चौकटींच्या कागदावर नक्षी काढावयाची. मग एकेका ओळीकरितां पुठ्ठ्याच्या एकेका पट्टीला भोकें पाडावयाचीं. अशा शेंकडों पट्ट्या ओवून त्यांची माळ मागावर फिरवली म्हणजे ज्या ठिकाणीं भोंक असेल तेथला धागा उचलला जातो, नसेल तेथला खालीं राहतो. मोर, कमळ, वेलबुट्टी, सारें त्या भोकांत साठवलेलें असतें. आमचे हे गृहस्थ चौथी शिकलेले. पण पट्टी उजेडासमोर धरून 'गुरुजी, येथें मोराचा तुरा आहे' असें बोट ठेवून सांगत, आणि मला भोकांपलीकडे कांहीं दिसत नसे.

याच भोकांच्या युक्तीचा एक पुढचा अध्याय आहे. जर्मनींतून अमेरिकेंत गेलेल्या एका कुटुंबांत १८६० सालीं हर्मन हॉलेरिथ नांवाचा मुलगा जन्मला. त्यानें १८९० च्या अमेरिकन खानेसुमारीकरितां भोकें पाडलेल्या कार्डांवरून माणसें मोजणारें यंत्र तयार केलें. त्याची कंपनी ज्या मोठ्या कंपनींत मिळाली तिला पुढें आय. बी. एम. हें नांव मिळालें. आमच्या विणकराचा नातू आज पुण्यास संगणकाच्या एका कचेरींत आहे. आजोबा भोकांच्या पट्ट्या बांधीत, नातू संगणकास आज्ञा लिहितो. या दोहोंत नातें आहे असें मीं त्या मुलास सांगितलें, तेव्हां तो हसला. आजोबा मात्र हसले नाहींत. 'मग पगार कां इतका निराळा?' असें त्यांनीं मला विचारलें.

जर्मनांची गोष्ट निघालीच आहे तर आणखी थोडें सांगतों. आपल्या किनाऱ्यावरहि जर्मन कारागीर येऊन राहिले होते. बासेल मिशनचे लोक १८३४ सालीं मंगळूरास आले. त्यांनीं हातमागाचे कारखाने काढले, आणि १८६५ सालीं कौलांचा कारखाना सुरू केला. कोंकणांतील घरांवर आपण जीं मंगळुरी कौलें पाहतों, त्यांचा उगम तेथला. त्यांच्याच विणकामशाळेंतील हालर नांवाच्या जर्मन विणकरास काजूच्या टरफलापासून खाकी रंग काढल्याचें श्रेय देतात. पुढें पहिलें महायुद्ध पेटलें. इंग्रज सरकारनें त्या जर्मनांना शत्रु ठरवलें, आणि त्यांचे कारखाने व व्यापार दुसऱ्यांच्या हातीं गेले. पिढ्यांचें वास्तव्य एका युद्धानें पुसलें. परदेशांतून आलेल्या धंदेवाल्याचें असें होऊं शकतें. सोलापूरच्या तेलुगु विणकराचें तसें झालें नाहीं, याचें श्रेय थोडें त्याच्या सोशिकपणाला आणि बरेंचसें या शहराच्या स्वभावाला द्यावें लागेल. १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरावर लष्करी कायदा बसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास चौघे जण फांसावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हीं नांवें एका दमांत उच्चारून पाहा. कोण येथला आणि कोण बाहेरचा हा हिशेब या गांवाला फारसा जमत नाहीं.

तरीहि सारें गोड होतें असें मी म्हणणार नाहीं. भाषेचें दुःख मीं वर्गांत पाहिलें आहे. तेलुगु घरांतल्या मुलाला मराठीचीं तीन लिंगें मोठीं जड जातात. 'माझा आई आला' असें तो म्हणे, आणि मागच्या बांकावर खसखस पिके. एकदां तपासणीस आलेल्या एका साहेबांनीं अशाच एका मुलाला उभें करून तें वाक्य तीनदां वदवून घेतलें. मुलगा पुढें आठवडाभर शाळेंत आला नाहीं. तो आमच्या या विणकराचाच मुलगा. मीं घरीं गेलों तेव्हां तो माग चालवीत होता आणि वडील गप्प बसून होते. ते मला म्हणाले, 'गुरुजी, धोट्याला आई पण चालते आणि बाप पण चालतो. त्याला तिथंच बसूं द्या.' माझी समजूत त्यांना पटावयास दोन तास लागले. खरें म्हणजे ती पटली ती त्याच्या आईला, आणि दुसऱ्या दिवशीं तिनेंच त्याला हाताला धरून शाळेच्या दारांत आणून सोडलें.

ही बाई विड्या वळीत असे. पूर्व भागाचा इतिहास पुरुषांच्या मागावरून सांगतात, परंतु माग बंद पडला त्या त्या वेळीं घर तरलें तें बायकांच्या सुपावर. तेंदूचीं पानें भिजवावयाचीं, मापानें कातरावयाचीं, चिमूटभर जर्दा घालून वळावयाचीं, दोऱ्यानें बांधावयाचीं, हिशेब हजारावर. कारखान्यांत माल दिला कीं त्यांतल्या कांहीं विड्या वाईट म्हणून बाजूला काढल्या जात आणि त्यांचे पैसे मिळत नसत. १९६६ सालीं विडी कामगारांसाठीं निराळा कायदा झाला. भविष्यनिर्वाह निधि, रजा, अशा गोष्टी निदान कागदावर आल्या. लग्न ठरवतांना मुलीला विड्या वळतां येतात का हें पाहण्याची चाल पडली, ती हुंड्याहून भयंकर कीं बरी, हें मला अद्याप ठरवतां आलेलें नाहीं. ज्या मुलीच्या हातांत कमाई आहे तिला सासरीं कोणी सहज हांकलीत नाहीं, हें खरें. पण दहाव्या वर्षीं तिच्या हातांतली पाटी जाऊन सूप येतें, हेंहि तितकेंच खरें. माझ्या वर्गांत मुलांपेक्षां मुली हुशार असत, आणि सातवीनंतर दिसेनाशा होत.

दसऱ्यापूर्वीं याच बायका बतुकम्मा मांडतात. रंगीबेरंगी फुलांचा एकावर एक थर देऊन मनोरा रचावयाचा आणि त्याभोंवतीं फेर धरून गाणीं म्हणावयाचीं. आपल्या भोंडल्याची ही सख्खी बहीण. माझी पत्नी एके वर्षीं तेथें गेली. एकहि शब्द न कळतां ती त्या फेरांत तासभर फिरून आली, आणि पाय दुखत असतांहि फार खुषींत होती.

असो. आमचे गृहस्थ पुढें यंत्रमागाकडे वळले. वडिलांची बाकी त्यांनीं फेडली, कर्ज काढून जुने दोन यंत्रमाग घेतले, मग आणखी दोन. चार मागांचा धनी म्हणजे सोलापुरांत 'कारखानदार'. हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढें मोटारी-बंगले येतात; येथें कारखानदार म्हणजे तोच कामगार, तोच मुकादम, तोच हमाल. राहाण्याची खोली आणि माग यांच्यामध्यें एक भिंत. झोपलेल्या मुलाला खडखडाट थांबला कीं जाग यावयाची. त्यांच्या समाजानें या कमाईंतून संस्था उभ्या केल्या. पद्मशाली शिक्षण संस्थेच्या शाळा हें त्याचें उदाहरण. याच समाजांतले गंगाधर कुचन १९८० सालीं आणि लिंगराज वल्याळ १९९६ सालीं सोलापुरांतून लोकसभेवर निवडून गेले. विडी कामगार स्त्रियांसाठीं श्री. नरसय्या आडम यांच्या खटपटीनें कुंभारी येथें गोदूताई परुळेकर यांच्या नांवाची दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्तें तीं घरें दिलीं गेलीं. त्याच बाजूला रे नगरांत श्रमिकांसाठीं तीस हजार घरांची योजना झाली. त्यांतल्या पंधरा हजारांचें लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें झालें. राजकारण मी बोलत नाहीं. ज्या बाईनें जन्मभर भाड्याच्या खोलींत विड्या वळल्या, तिच्या नांवाची पाटी दारावर लागली, ही गोष्ट मला कोणत्याहि पक्षापेक्षां मोठी वाटते.

परंतु धंदा मात्र उतरणीला लागला होता. जुन्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थंडावले. सुताचे भाव वर, चादरीचे खालीं. पानिपतची चादर 'सोलापुरी' नांवानें बाजारांत येऊं लागली. खुद्द सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालें, तरी गिऱ्हाईक पाहतें तें किंमतीकडे. आमचे गृहस्थ दुकानांत टांगलेली चादर नुसती दोन बोटांत धरून ती कोठली हें सांगत. 'ही आपली नव्हे' असें म्हणून ती परत अडकवीत, आणि दुकानदारास राग येई.

त्यांच्याकडे एक जुना कागद होता. आजोबांच्या गांवचें नांव त्यावर उर्दूंत लिहिलेलें. तें गांव निजामच्या राज्यांत होतें; १९५६ सालीं आंध्र प्रदेशांत गेलें; २०१४ सालीं तेलंगणांत आलें. इकडे सोलापूर मुंबई इलाख्यांतून मुंबई राज्यांत, आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. तीन पिढ्या एकाच गल्लींत राहून या कुटुंबाचीं 'मूळचें' आणि 'आतांचें' हीं दोन्ही राज्यें बदलत राहिलीं. सरकारी कागदावर 'मूळ गांव' हा रकाना आला कीं ते माझ्याकडे येत. मी विचारी, काय लिहूं? ते म्हणत, 'सोलापूरच लिहा. तिकडं आतां आम्हांला कोण ओळखतं?' त्यांचे तेलुगु शब्दहि तिकडच्यांना जुनाट वाटत. एकदां हैदराबादेस लग्नाला गेले असतां तेथील मुलें त्यांच्या बोलण्याला हसलीं, हें त्यांनीं मला मोठ्या विषादानें सांगितलें होतें. त्यांच्या मुलाला मराठीबद्दल हसले, त्यांना तेलुगुबद्दल.

त्यांच्या पश्चात् त्या मुलानें चारांपैकीं दोन माग मोडींत घातले. ते वजनावर गेले. जॅकार्डच्या पट्ट्या रद्दीवाल्यानें नेल्या. मोराची तेवढी एक माळ त्यानें माळ्यावर ठेवली आहे. मुलगा आतां पन्नाशीचा आहे. मराठी माझ्याइतकीच स्वच्छ बोलतो, आणि मला भेटला कीं 'माझी आई आली' हें वाक्य मुद्दाम एकदां म्हणून दाखवतो. उरलेल्या दोन मागांवर सध्यां मजुरीनें टॉवेल निघतात. सूत व्यापाऱ्याचें, वीज याची, हिशेब दर शनिवारीं.